ताईंचे मिस्टर आणि बटाट्याचं सूप

त्यांना स्वतःचं नाव होतं. पाणीपुरवठा कार्यालयात हेडक्लार्कच्या टेबलावर ते पितळी पट्टीवर कोरलेलंसुद्धा होतं. पण निवृत्त झाल्यापासून ते नाव कुणी वापरेना. दूधवाला, पोस्टमन, दातांचे डॉक्टर, जिन्यात भेटणारी पोरंटोरं, सगळे त्यांना ‘ताईंचे मिस्टर’ म्हणत. दातांच्या डॉक्टरांनी तर दाढ उपटताना “ताईंचे मिस्टर, जरा मोठा आ करा” असं म्हणून वर “ताई कशा आहेत?” असंही विचारलं होतं. आ केलेल्या माणसानं यावर काय उत्तर द्यायचं? तेव्हा आपणही त्यांना मिस्टरच म्हणू.

ताई म्हणजे टीव्हीवरच्या ताई. स्वयंपाकाच्या पुस्तकांच्या लेखिका, स्पर्धांच्या परीक्षक, आणि ज्यांचा हसरा चेहरा फ्राय पॅनच्या खोक्यावर असतो त्या. सगळं जग तिला ताई म्हणत असताना नवऱ्यानं तिला काय म्हणावं, हा एक अवघडच प्रश्न होता. मिस्टर तिला पूर्वीपासून “अगं” म्हणत आणि तेच त्यांनी चालू ठेवलं होतं. मात्र हल्ली “अगं” म्हणायची संधी फारशी मिळत नसे. ती महिन्यातले बरेच दिवस कुठल्या ना कुठल्या शहरात असे आणि घरी येई ती कपडे बदलायला. आली की झोपे, उठली की फोनवर बोले, आणि फोन संपला की खाली गाडी उभी असे.

तिच्या कारकिर्दीची सुरुवात मिस्टरांच्याच कार्यालयात झाली होती. कार्यालयाचं एक घरगुती मासिक निघायचं. त्यात गळक्या नळांवरचे लेख आणि बदल्यांच्या बातम्या असायच्या, आणि त्याचे संपादक होते मिस्टर. एका अंकाचं शेवटचं पान रिकामं राहिलं, कारण वसुली विभागातल्या कवीची कविता वेळेवर आली नाही. मिस्टरांनी घरी येऊन बायकोला विचारलं, “पानभर काही सांगतेस का?” तिनं कांदा चिरता चिरता, उरलेल्या पावाचं काय काय करता येतं ते सांगितलं. मिस्टरांनी ते उतरवून घेतलं आणि त्यातलं व्याकरण सुधारलं. मासिकाच्या प्रती पहिल्यांदाच कमी पडल्या. मोठ्या साहेबांच्या बायकोनं ते पान वर्तमानपत्रातल्या आपल्या भावाला दाखवलं. भावानं सदर मागितलं, सदराचं पुस्तक झालं, पुस्तकाचा ‘चमचाभर सुख’ नावाचा कार्यक्रम झाला, आणि कार्यक्रमामुळे आणखी इतकी पुस्तकं झाली की कपाटात मिस्टरांच्या शब्दकोशाला जागा उरली नाही. कवीची कविता पुढच्या महिन्यात आली. फारच वाईट होती. पण एक वाईट कविता वेळेवर आली असती तर बायको आज घरी असती, असं मिस्टरांच्या मनात अजूनही अधूनमधून येई.

बायको दिसत नसे असं मात्र नव्हतं. एका मार्गाच्या बसवर मागच्या बाजूला तिचं भलंमोठं चित्र होतं, हातात पळी घेतलेलं. मिस्टरांना कुठल्याही बसनं जाता आलं असतं, तरी ते थांब्यावर उभे राहून पहिल्या दोन-तीन बस सोडून देत. तिची बस आली की मात्र चढत नसत. कारण आत बसलं की चित्र दिसत नाही. ती बस वळणाआड जाईपर्यंत पाहायचं आणि मग पुढच्या बसनं जायचं, असा त्यांचा क्रम होता. थांब्यावरच्या लोकांना वाटे, म्हाताऱ्याला नंबर नीट दिसत नसावा.

जेवणाचं म्हणाल तर मिस्टर कोपऱ्यावरच्या हॉटेलात जेवत. अख्ख्या देशाला रोज काय करावं हे जी सांगते तिचा नवरा हॉटेलात जेवतो, ही गोष्ट हॉटेलवाल्यानं मनावर घेतली आणि दारावर पाटी लावली: ‘ताईंचे मिस्टर इथेच जेवतात’. गिऱ्हाईक दुप्पट झालं. पण पाटीचा बोभाटा ताईंच्या मॅनेजरपर्यंत गेला. ही मॅनेजर म्हणजे कानात सदैव काहीतरी खोचलेली एक चुणचुणीत मुलगी. तिनं मिस्टरांना फोन करून सांगितलं, “सर, आपल्या प्रतिमेला धक्का बसतो. जेवायचं असेल तर मागच्या दारानं जेवा.” आपली प्रतिमा म्हणजे नक्की कुणाची, हे विचारायचं मिस्टरांना फोन ठेवल्यावर सुचलं. त्या दिवसापासून ते पोत्यांच्या शेजारच्या टेबलावर, चोरट्यासारखे जेवू लागले.

आणि मग एके दिवशी हॉटेल दुरुस्तीसाठी बंद झालं.

मिस्टरांनी पहिल्या दिवशी बिस्किटं खाल्ली, दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांच्या स्वयंपाकाचे वास खाल्ले, आणि तिसऱ्या दिवशी कपाटातून बायकोचं पहिलं पुस्तक काढलं. तिची सगळी पुस्तकं त्यांनी वाचली होती, पण मुद्रितं तपासण्यापुरती. त्यातलं काही करून बघायचं असतं, हे त्यांच्या कधी लक्षातच आलं नव्हतं. ‘अगदी सोपं’ या विभागात पहिलंच होतं बटाट्याचं सूप.

एका हेडक्लार्कला पाककृती वाचायला द्यावी आणि मजा पाहावी. ‘कांदा पारदर्शक होईपर्यंत परता’ असं लिहिलं होतं. मिस्टरांनी कांद्याचा तुकडा चिमट्यात धरून खिडकीसमोर नेला आणि त्यातून समोरच्या इमारतीचं नाव वाचता येतं का ते पाहिलं. येत नव्हतं. पुन्हा परतला. असं करता करता कांदा पारदर्शक व्हायचं सोडून तपकिरी झाला. पुढे तर कहरच होता. ‘मीठ चवीपुरतं.’ कुणाच्या चवीपुरतं? एवढी वर्षं अर्ज तपासलेल्या माणसाला हे वाक्य सहन होण्यासारखं नव्हतं. त्यांनी समासात पेन्सिलनं ‘प्रमाण स्पष्ट करावे’ असा शेरा मारला, आणि तेवढ्यावर समाधान न झाल्यानं ताईंच्या कार्यालयाला रीतसर पत्रही पाठवलं. विषय: मिठाबाबत खुलासा मिळणेबाबत. खाली सही, आणि घरचा पत्ता.

उत्तर लगेच आलं. ‘प्रिय वाचक भगिनी,’ असा मायना होता. ‘तुमच्या प्रेमामुळेच मी आहे. अशाच नवनवीन गोष्टी करत राहा आणि तुमच्या घरच्या मंडळींना माझा नमस्कार सांगा. तुमची ताई.’ सोबत छापील सहीचा फोटो. मिस्टरांनी पत्र दोनदा वाचलं. मग घरच्या मंडळींचा शोध घेतला. मंडळी एकटीच होती, आरशासमोर चष्मा पुसत उभी. तिला त्यांनी नमस्कार कळवला.

खुलासा आला नाही तरी सूप दर दिवसाआड होत राहिलं. पहिलं कपड्यांना खळ म्हणून चाललं असतं. दुसरं बरं होतं. पुढचं एक मात्र खरंच जमलं. दाट, गरम, वर मिऱ्याचा हलका झटका. मिस्टरांनी पहिला चमचा तोंडात घातला आणि ते एकदम उभे राहिले. जन्मात पहिल्यांदा त्यांच्या हातून खाण्याजोगं काहीतरी झालं होतं, आणि ते दाखवायला घरात कुणी नव्हतं. समोर रिकामी खुर्ची होती. तिच्यावर इस्त्रीचे कपडे होते, तेही आपलेच. त्या क्षणी त्यांच्या डोक्यात आलं, एकदा तिला बोलवावं. घरीच. दुपारी. आपण करावं आणि तिनं बसून खावं. एवढंच.

त्यांनी फोन केला. उचलला मॅनेजरनं.

“सर, ताई चित्रीकरणात आहेत. विषय?”

“जेवण.”

“कुणाच्या तर्फे?”

“माझ्या तर्फे. मी करतोय. तिनं यायचं आणि जेवायचं.”

“आणि ताईंनी बोलायचं काय?”

“काही नाही. जेवताना बोलतो तेच. मीठ दे, पाणी दे.”

मग मॅनेजरचा आवाज एकदम चिरकला. “सर, म्हणजे ताईंसाठी ताईंचे मिस्टर पहिल्यांदाच स्वयंपाक करणार? घरी? सर, हे कुणाला सांगितलं नाहीत ना अजून?”

मिस्टरांनी कुणाला सांगितलं नव्हतं. पण संध्याकाळपर्यंत वाहिनीचा फोन आला, आणि त्यांच्या एका दुपारच्या जेवणाचा ‘चमचाभर सुख’चा खास भाग झाला होता. मिस्टर नको म्हणणार होते. पण मॅनेजर म्हणाली, “सर, चित्रीकरण असेल तर ताईंना अख्खी दुपार देता येईल. नुसतं जेवण असेल तर पुढच्या वर्षी बघू.” हा हिशेब मिस्टरांना पटला. पटला म्हणजे काय, गिळला.

बातमी इमारतीत पसरायला जिना पुरला. पहिल्या आल्या समोरच्या वहिनी. वहिनी मनानं चांगल्या, पण सल्ला देताना त्यांना श्वास घ्यायचं भान राहत नसे. “बटाट्याचं सूप? टीव्हीवर? अहो, लोक काय म्हणतील! निदान त्यात वाटाणे घाला. आणि कांदा असा धरतात का? बोटं आत घ्या. आत म्हणजे सुरीखाली नव्हे हो!” मिस्टरांच्या दोन बोटांना पट्ट्या लागल्या. वरच्या मजल्यावरच्यांनी गाजर सुचवलं, खालच्यांनी मका. एका निवृत्त मास्तरांनी येऊन, बटाटा मुळात शिजवूच नये, त्यातलं सत्त्व जातं, असं प्रतिपादन केलं आणि चहा पिऊन गेले. मिस्टर कुणालाच नाही म्हणू शकले नाहीत. पातेल्याची जागा डेगीएवढ्या भांड्यानं घेतली आणि सुपाला हळूहळू इमारतीच्या सर्वसाधारण सभेचं रूप आलं. शेवटी त्यांनी ते सगळं ओतून टाकलं आणि पहिल्यापासून, नुसत्या बटाट्यावर आले. वहिनींना याचा राग आला. पण चित्रीकरणाच्या दिवशी आपण सहज कोथिंबीर द्यायला म्हणून कॅमेऱ्यासमोरून जाऊ, या बोलीवर त्यांनी माफ केलं.

खरी अडचण निघाली सेक्रेटरींची. इमारतीचे सेक्रेटरी तळमजल्यावर राहत. चित्रीकरणाची गाडी आवारात उभी करायला त्यांची परवानगी लागणार होती. मिस्टर जाऊन म्हणाले, “एक दुपारचा प्रश्न आहे.”

सेक्रेटरींनी चष्मा खाली घेतला. “तोंडी विनंती ग्राह्य धरता येत नाही.”

हे वाक्य मिस्टरांना ओळखीचं वाटलं. वाटणारच, त्यांचंच होतं ते. फार वर्षांपूर्वी सेक्रेटरींचा नळजोडणीचा अर्ज मिस्टरांच्या टेबलावरून एका सहीवाचून परत गेला होता, आणि सेक्रेटरींच्या घरात उन्हाळाभर बादल्यांनी पाणी भरावं लागलं होतं. माणूस नळ विसरतो, बादली विसरत नाही. मिस्टरांनी लेखी अर्ज दिला. गाडीचा वेगळा हवा होता. लिफ्टचा वेगळा. जिन्यातून जाणाऱ्या वायरींचा वेगळा, त्यात वायरींचा रंगही लिहायचा. “आणि हे ‘सदरहू’ चुकीच्या जागी पडलंय,” असं म्हणून सेक्रेटरींनी शेवटचा अर्ज परत केला, तेव्हा मिस्टरांनी नवा कागद घेतला आणि मान खाली घालून तिथेच जिन्यात बसून लिहिला. अख्ख्या नोकरीत त्यांचा ‘सदरहू’ कधी चुकला नव्हता. पण ती दुपार हवी होती.

चित्रीकरणाच्या आदल्या दिवशी दिग्दर्शक घर बघायला आला. डोक्यावर केसांचा बुचडा, पायात मोजे नाहीत. स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून त्यानं मान हलवली. “सर, हे घरासारखं वाटत नाही.”

“घरच आहे ते,” मिस्टर म्हणाले.

“हो, पण वाटत नाही ना!” मग माणसं आली. त्यांनी मिस्टरांची किटली, दुधाचं भांडं आणि कॅलेंडर उचलून न्हाणीघरात ठेवलं. भिंतीवर लसणाच्या माळा लटकवल्या, लसूण प्लास्टिकचा होता. खिडकी उत्तरेला होती म्हणून तिच्यासमोर पुठ्ठ्याची दुसरी खिडकी उभी केली आणि तिच्यामागे दिवा लावला. ऊन पडलं. इतक्या वर्षांत त्या स्वयंपाकघरात ऊन कधी आलं नव्हतं. मिस्टर ते बघतच राहिले आणि मग आपल्याच घरात एवढं बघत राहिल्याबद्दल त्यांना ओशाळल्यासारखं झालं.

चित्रीकरणाच्या दिवशी मिस्टर पहाटेच उठले. दाढी केली. सूप केलं, इतक्या हळू आणि इतक्या मनापासून की कांदा जवळजवळ पारदर्शक झाला. पण सूप बघून दिग्दर्शकाचा सहायक म्हणाला, “हे कॅमेऱ्यात गोंदासारखं दिसेल,” आणि त्यानं खरोखरच्या गोंदाचं एक वाडगं तयार केलं. त्यावर साबणाचा फेस, वाफेसाठी मागे ओला कापूस. ते फारच सुंदर दिसत होतं. खरं सूप झाकण घालून कोपऱ्यात सरकवण्यात आलं.

मग ती आली.

मिस्टर ओट्यापाशी उभे होते, अंगात उसना एप्रन. दार उघडलं आणि ती आत आली. बसवरच्यापेक्षा लहान. डोळ्यांखाली रंगाचा जाड थर, आणि त्या थराखाली दमलेली. मिस्टरांना दिग्दर्शकानं दिलेलं वाक्य म्हणायचं होतं, “अरे वा, आज ताई चक्क घरी!” पण ते म्हणाले, “आलीस?”

“कट!” दिग्दर्शक ओरडला. “सर, वाक्य! आणि ताई, जरा असं दाखवा की नवऱ्याला खूप दिवसांनी भेटताय.”

“खरंच खूप दिवसांनी भेटतेय,” ती म्हणाली.

“हो, पण तसं दिसत नाहीये. परत या.”

ती परत बाहेर गेली, दार लागलं, दार उघडलं आणि ती परत आत आली. मिस्टर वाक्य विसरले. या वेळी खरोखरच विसरले. तिला पुन्हा बाहेर पाठवलं. पुन्हा बेल वाजली, पुन्हा चपलांचा आवाज, पुन्हा दारात ती. आणि तेव्हा मिस्टरांच्या लक्षात आलं की आपण चुकलो की ती घरी येते. सगळ्या वर्षभरात ती जेवढ्या वेळा घरी आली नव्हती तेवढ्या वेळा एका दुपारी येत होती. मग त्यांनी सरळ चुकायलाच सुरुवात केली. कधी वाक्य उलटं म्हटलं, कधी पळी पाडली, कधी ऐन वेळी शिंकले. ज्या माणसाच्या टेबलावरून स्वल्पविरामाची चूक सुटली नव्हती, तो बिनदिक्कत चुका करत होता. दर वेळी दार उघडलं की त्यांचा चेहरा असा काही उजळे की कॅमेरामन म्हणाला, “चेहरा फारच छान येतोय, फक्त आवाज बंद ठेवता येईल का?”

दिग्दर्शकाचा बुचडा सुटला. “सर, तुम्हाला जमत नाहीये की तुम्ही मुद्दाम करताय?”

“एकदाच अजून,” मिस्टर म्हणाले. “आता जमेल.”

दारात उभ्या असलेल्या तिनं त्यांच्याकडे जरा निरखून पाहिलं. एवढी वर्षं संसार केलेल्या बाईला ते खोटं शिंकणं कळलं असणार. पण ती मुकाट्यानं पुन्हा बाहेर गेली आणि या वेळी आत आली ती थोडी हसत.

नेमके त्याच वेळी दिवे गेले. दिग्दर्शकाच्या दिव्यांनी घरातला फ्यूज उडवला होता. पुठ्ठ्याच्या खिडकीतलं ऊन मावळलं. दिग्दर्शक आणि मॅनेजर तावातावानं खाली जायला लिफ्टमध्ये शिरले, आणि वायरींचा रंग अर्जाप्रमाणेच आहे ना हे तपासायला आलेले सेक्रेटरीही त्यांच्याबरोबर होते. तेवढ्यात इमारतीचाही फ्यूज उडाला आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. आतून तिघांचाही आवाज येऊ लागला, त्यातला “हे अर्जात नव्हतं!” हा सेक्रेटरींचा. बाकीची माणसं फ्यूज शोधत तळमजल्यावर धावली. हातातली कोथिंबीर तशीच घेऊन वहिनी जिन्यात गेल्या आणि लिफ्टच्या जाळीतून आत सल्ले देऊ लागल्या.

घरात दोघंच उरली.

ती स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली. चपला काढल्या. एक पाय दुसऱ्या पायावर घासत म्हणाली, “अहो, काही खायला आहे का?”

मिस्टरांनी कोपऱ्यातलं पातेलं पुढे घेतलं. एवढ्या मोठ्या बाईला आपण काय वाढतोय? त्यांनी वाडग्यात सूप काढलं आणि उभेच राहिले, साहेबांपुढे फाईल ठेवून उभे राहावं तसे. तिनं एक चमचा घेतला. मग दुसरा. मिस्टरांना राहवेना.

“मीठ?”

“ठीक आहे.”

“ठीक म्हणजे? मी पत्र पाठवलं होतं तुला. चवीपुरतं म्हणजे कुणाच्या चवीपुरतं, म्हणून.”

“मला?”

“तुझ्या कार्यालयाला. उत्तर आलं. भगिनी म्हणालीस मला.”

ती हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांखालचा रंग ओला झाला. मग ती थांबली आणि वाडग्यात बघत म्हणाली, “ते पहिलं पुस्तक लिहिलं तेव्हा मी फक्त तुमच्यासाठीच स्वयंपाक केला होता हो. चवीपुरतं म्हणजे तुमच्या चवीपुरतं. दुसरी कुणाची चव मला ठाऊकच नव्हती.”

त्यांनी पळीभर अजून वाढलं.

“तुम्हाला माहितेय,” ती खाताना म्हणाली, “मला कुणी जेवायला बोलवत नाही. बहीणसुद्धा नाही. म्हणते, तुला काय घालू बाई, तू नावं ठेवशील. जिथे जाते तिथे सगळे मलाच करायला सांगतात, आणि मी एक घास खाल्ला की माझ्या तोंडाकडे बघत बसतात. परीक्षेला बसल्यासारखे.” आणि मग, “तुम्हीसुद्धा बघताय.”

मिस्टरांनी घाईघाईनं पुठ्ठ्याच्या खिडकीकडे पाहिलं.

“बसा ना,” ती म्हणाली. “तुम्ही पण घ्या.”

ते बसणार, तेवढ्यात दिवे आले, लिफ्ट आली, आणि लिफ्टमधून मॅनेजर बाहेर पडली ती घड्याळाकडे बघतच. “ताई, विमान! आत्ता निघालो तरच. उरलेलं आपण नंतर जोडून घेऊ. सर, तुमचा चेहरा भरपूर आहे आमच्याकडे.” दिग्दर्शकानं गोंदाच्या वाडग्याचा एकट्याचाच एक झकास शॉट घेतला. मॅनेजरनं चपला उचलून ताईंच्या पायांपुढे ठेवल्या. दोन मिनिटांपूर्वी जी बाई स्टुलावर बसली होती ती उभी राहिली आणि ताई झाली.

दारापर्यंत जाऊन ती मागे फिरली. “अहो, ते डब्यात देता का?”

मिस्टरांनी उरलेलं सगळं डब्यात ओतलं, पातेलं पुसून घेतलं, आणि झाकण घट्ट लावलं. खाली गाडीपाशी पोचेपर्यंत तिच्याभोवती माणसं जमली होती. तिनं काचेतून हात केला. मिस्टरांनीही केला. पण आवारातल्या सगळ्यांनीच केला होता, तेव्हा त्यांचा तिला दिसला की नाही कोण जाणे.

वर आले तर माणसं खिडकी घेऊन गेली होती. लसूण गेला होता. न्हाणीघरातून किटली परत आणून ठेवायची होती, पण मिस्टरांच्या अंगात ताकद राहिली नव्हती. समोरच्या वहिनी कोथिंबीर ठेवून गेल्या. त्या कॅमेऱ्यात आल्याच नव्हत्या आणि त्याचा दोष त्या फ्यूजला देत नव्हत्या. मिस्टर तिच्या वाडग्यापुढे बसले. ते धुवावं असं त्यांच्या मनात येत होतं आणि ते धूत नव्हते. बाहेर संध्याकाळ झाली. सगळी खटपट कशासाठी केली होती? तर एका जेवणासाठी. आणि ते अर्धंच झालं होतं. त्यातही आपण जेवलोच नव्हतो.

फोन वाजला.

“अहो, हे सूप विमानात नेऊ देत नाहीत. पातळ पदार्थ चालत नाहीत म्हणे.” मागे घोषणा चालू होत्या आणि बॅगांची चाकं घरंगळत होती.

“मग टाकून दे,” मिस्टर म्हणाले.

“टाकून कशाला देऊ? इथे बाकावर बसलेय. संपवूनच आत जाते. तुम्ही जेवलात?”

“मी? अं, घेईन काहीतरी.”

“सगळं मला दिलंत ना? घरात काय आहे?”

मिस्टरांनी पावाचा डबा उघडून पाहिला. “पाव आहे. कालचा.”

“मग तो घ्या आणि बसा. फोन ठेवू नका.”

मिस्टरांनी ताटलीत पाव घेतला. फोन समोरच्या खुर्चीपुढे, टेबलावर, पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला. पलीकडे डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. मग काही नाही, नुसतं खाणं. सूप पिताना ती थोडा आवाज करत असे, हे मिस्टर विसरूनच गेले होते. टीव्हीवर तसं ऐकू येत नसे. त्यांनी पाव मोडला. कालचा असल्यानं तो कडक झाला होता, पण तेही सावकाश चावू लागले, पुढे जाऊ नये म्हणून.

मध्येच कुणाचा तरी उत्साही आवाज आला. “अय्या, ताई! तुम्ही ताई ना? एक फोटो घेऊ?”

“थांबा हं जरा,” ती भरल्या तोंडानं म्हणाली. “आम्ही जेवायला बसलोय.”

आवाज गोंधळून दूर गेला. पुन्हा नुसतं खाणं ऐकू येऊ लागलं. मग डब्याच्या तळाशी चमचा खरवडला. मिस्टरांचं लक्ष तिकडेच होतं. ते खुर्चीतून अर्धवट उठले, पळीसाठी त्यांचा हात आपोआप पुढे गेला आणि ते म्हणाले, “वाढू का अजून?”

पलीकडे चमचा डब्यात ठेवल्याचा आवाज आला.

“वाढा,” ती म्हणाली. “पण थोडंसंच.”